जोंधळ्याची हाक आणि टारफुला

जोंधळ्याच्या रानात कधी कधी एखादा पट्टा मान टाकून बसतो. पाऊस वेळेवर झालेला असतो, शेजारची ताटे जोमात असतात आणि एवढ्याच पट्ट्यातली मात्र खुजी, पिवळट. जमिनीत ओल असूनही दुपारी पाने सुरळी करून उभी. खोडकिडा सापडत नाही, मर रोगाची खूण दिसत नाही. काही आठवड्यांनी त्याच ताटांच्या बुडाशी वीतभर उंचीची, अरुंद पानांची, पांढऱ्या फुलांची रोपे जमीन फोडून वर येतात आणि उलगडा होतो. हा टारफुला. तो नजरेस पडतो तोवर बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. उगवल्यापासून चार ते सात आठवडे तो जमिनीखालीच वाढतो आणि त्या मुदतीत पाणी, क्षार, साखर सगळे जोंधळ्याच्या मुळातून ओढून घेतो.

टारफुल्याचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. आपल्याकडे ज्वारीवर येणाऱ्या त्याच्या जाती बहुधा पांढऱ्या फुलांच्या असतात. आफ्रिकेत स्ट्रायगा हर्मोंथिका ही जांभळ्या फुलांची जात ज्वारी, बाजरी आणि मक्याची मोठी वैरीण आहे. दुसऱ्या वनस्पतीच्या जिवावर जगणाऱ्या सपुष्प वनस्पतींच्या चार हजारांहून अधिक जाती जगात आहेत. तंबाखूच्या मुळांवरची बंबाखू, आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ, कुंपणावर पिवळे जाळे पसरणारी अमरवेल ही त्यांतली ओळखीची नावे. चंदनसुद्धा शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार घेतो.

ही जगण्याची रीत उत्क्रांतीच्या ओघात सुमारे बारा वेळा स्वतंत्रपणे उदयाला आली. जी गोष्ट इतक्यांदा घडते, तिची तयारी साध्या वनस्पतींतच कुठेतरी असली पाहिजे. गेल्या दोन दशकांत जनुकांच्या अभ्यासाने हे बऱ्याच अंशी दाखवून दिले आहे. हल्ल्याची बहुतेक सामग्री परजीवी वनस्पतींनी नव्याने घडवलेली नाही. त्यांनी आपल्या पूर्वजांची जुनीच जनुके दुसऱ्या कामाला जुंपली आणि यजमान वनस्पती आपल्या गरजेपोटी जे रासायनिक निरोप पाठवते, ते ऐकायला त्या शिकल्या. टारफुल्याच्या बंदोबस्ताची खरी वाटही या चोरून ऐकण्याच्या कलेतूनच निघते.

हाक होती कोणासाठी?

टारफुल्याचे बी जेमतेम ०.३ मिलिमीटरचे, धुळीच्या कणासारखे. एक रोप अशी हजारो बिया टाकते आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. इतक्या लहान बीमध्ये अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. उगवल्यावर काही दिवसांत आणि काही मिलिमीटरच्या आत यजमानाचे मूळ गाठले नाही, तर अंकुर मरतो. म्हणून नुसत्या पावसाने हे बी उगवत नाही. उबदार ओलीत ते आठ-पंधरा दिवस फुगून तयार राहते आणि जवळून जाणाऱ्या मुळातून एक विशिष्ट द्रव्य पाझरले, की साधारण दिवसभरात अंकुर बाहेर काढते.

हे द्रव्य कोणते, याचा शोध १९६६ साली लागला. अमेरिकेतील संशोधकांनी कापसाच्या मुळांतील पाझरातून ते वेगळे केले आणि त्याला स्ट्रायगॉल हे नाव दिले. कापूस हा टारफुल्याचा यजमानच नाही. कापसाच्या रानात टारफुल्याचे बी उगवते आणि मुळात शिरता न आल्यामुळे मरते. ज्वारीनंतर कापूस घेण्याच्या सल्ल्यामागे हेच कारण आहे. पुढे अशी अनेक द्रव्ये सापडली आणि त्यांच्या गटाला स्ट्रायगोलॅक्टोन म्हणू लागले.

मग एक कोडे उभे राहिले. ज्या द्रव्यामुळे वैरी जागा होतो, ते वनस्पती तयारच का करतात? उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २००५ साली जपानमधील कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हे द्रव्य म्हणजे मुळांनी मायकोरायझा बुरशीला घातलेली साद आहे. ही बुरशी मुळात वस्तीला येते, आपले धागे मातीत दूरवर पसरते आणि स्फुरद आणून देते. बदल्यात तिला वनस्पतीकडून अन्न मिळते. स्ट्रायगोलॅक्टोनचा स्पर्श होताच बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटू लागतात. २००८ साली दोन स्वतंत्र गटांनी या द्रव्याचे आणखी एक काम उघड केले. वनस्पतीच्या आत ते संप्रेरक म्हणून वावरते आणि नव्या फांद्या फुटण्याला आळा घालते.

म्हणजे जमिनीत स्फुरद कमी पडला, की जोंधळा फुटवे आवरतो आणि मुळांतून बुरशीला मोठ्याने हाका मारतो. टारफुला तीच हाक ऐकतो. हलक्या, खत न मिळालेल्या, वर्षानुवर्षे तेच पीक घेतलेल्या रानात टारफुला का माजतो, याचे एक कारण इथे सापडते. भुकेलेले पीक अधिक हाका मारते.

ऐकणारे जनुक

बुरशीसाठी घातलेली साद टारफुल्याला ऐकू येते कशी? हे कळण्यासाठी आधी वणव्यानंतर उगवणाऱ्या बियांकडे पाहावे लागते. जळालेल्या झाडोऱ्याच्या धुरात कॅरिकिन नावाची द्रव्ये असतात. पावसाबरोबर ती जमिनीत उतरली, की अनेक वनस्पतींचे बी उगवते. कॅरिकिन ओळखण्यासाठी लागणारे ग्राही प्रथिन ज्या जनुकातून बनते, त्याचे नाव केएआय-२. ते फार प्राचीन आहे आणि जवळजवळ सर्व भूचर वनस्पतींत सापडते. त्याचीच एक जुनी नक्कल बदलत जाऊन डी-१४ हे दुसरे ग्राही बनले. साध्या वनस्पतीत स्ट्रायगोलॅक्टोन ओळखण्याचे काम डी-१४ करते.

यावरून टारफुल्यानेही डी-१४ वापरले असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याने बी उगवण्याशी आधीपासून जोडलेले केएआय-२ निवडले. साध्या वनस्पतीत या जनुकाच्या एक-दोन प्रती असतात. स्ट्रायगा हर्मोंथिकामध्ये तब्बल अकरा आहेत. नकला करताना मूळ प्रत आपले जुने काम सांभाळत राहिली आणि वाढीव प्रतींना बदलायला मोकळीक मिळाली. त्यांपैकी एका गटाच्या ग्राही प्रथिनातली पोकळी रुंदावली आणि स्ट्रायगोलॅक्टोनचा रेणू तिच्यात नीट बसू लागला. २०१५ साली अमेरिका, कॅनडा आणि जपानमधील तीन गटांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचे पुरावे मांडले.

त्यांतला टोरोंटो येथील गटाचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. टारफुल्यावर थेट जनुकीय प्रयोग करणे अवघड, म्हणून त्यांनी त्याची ग्राही जनुके अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपात एकेक करून घातली आणि त्या रोपांचे बी स्ट्रायगोलॅक्टोनच्या विरळ द्रावणांत ठेवून पाहिले. सातव्या क्रमांकाच्या ग्राहीने कमाल केली. एक ग्रॅम द्रव्य शंभर कोटी लिटरांहून अधिक पाण्यात मिसळावे, इतक्या विरळ द्रावणातही ते बी उगवले. एरवी स्वतंत्रपणे जगणाऱ्या रोपात परजीवी वनस्पतीचे एकच जनुक आले आणि त्याच्या बीला यजमानाची हाक ऐकू येऊ लागली.

अकरा प्रती असण्याचा आणखी एक फायदा आहे. वनस्पतींत स्ट्रायगोलॅक्टोनचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येक पिकाचे मिश्रण निराळे असते. टारफुल्याच्या वेगवेगळ्या ग्राही प्रथिनांची ओढ वेगवेगळ्या प्रकारांकडे आहे. कोणत्या हाकेला उठायचे आणि कोणत्या हाकेला नाही, याची निवड त्यातून होते.

मुळाला भिडल्यावर

अंकुर मुळापर्यंत पोचला, की पुढचा निरोप लागतो. १९८६ साली ज्वारीच्या मुळांतून एक क्विनोन वेगळे करण्यात आले. त्याचे संक्षिप्त नाव डीएमबीक्यू. पेशीभित्तिकेतील लिग्निनशी नाते असलेल्या द्रव्यांपासून ते बनते आणि ते बनवायला टारफुल्याचा अंकुर स्वतःच हातभार लावतो. त्याच्या टोकातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, यजमानाची विकरे ते वापरून भित्तिकेतील द्रव्यांचे क्विनोन करतात आणि ते क्विनोन मिळताच अंकुराची वाढ थांबते. टोक फुगते, त्यावर चिकट केस येतात. हे चूषक मूळ. त्याच्या मधल्या पेशी यजमानाच्या मुळात घुसतात आणि जलवाहिनीला जलवाहिनी जोडतात.

क्विनोन ओळखणारे ग्राही जपानच्या रिकेन संस्थेतील केन शिरासू यांच्या गटाने २०२० साली शोधले. त्यांनी ते शोधले अरॅबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे साध्या वनस्पतीत. साध्या वनस्पतीसाठी क्विनोन ही भित्तिकेला इजा झाल्याची सूचना असते आणि तिच्यामुळे संरक्षणाची तयारी सुरू होते. परजीवी वनस्पतींतही त्याच कुळातली ग्राही प्रथिने आहेत. पूर्वजांमध्ये जी धोक्याची सूचना होती, ती टारफुल्याच्या वंशात जेवणाचे बोलावणे झाली.

याच गटाने २०१९ साली स्ट्रायगा एशियाटिका या टारफुल्याच्या जातीचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. त्यात ३४,५७७ जनुके आढळली. चूषक मूळ तयार होताना जी जनुके जागी होतात, त्यांत साध्या वनस्पतींत बाजूची मुळे फुटताना लागणारी जनुके मोठ्या प्रमाणात आहेत. मुळाला फाटा फोडण्याची यंत्रणा प्रत्येक वनस्पतीजवळ असते. टारफुल्याने ती नव्या जागी, नव्या इशाऱ्यावर चालवली.

अमरवेलीचे निरोप

टारफुला यजमानाचे निरोप ऐकतो. अमरवेल त्याला स्वतःचे निरोप पाठवतेसुद्धा. तिला मुळे नाहीत, पाने नावापुरती खवल्यांएवढी. अंकुर आला, की ती हवेत हेलकावे घेत आधार शोधते. टोमॅटोच्या वासाकडे ती वळते, हे २००६ साली अमेरिकेत प्रयोगाने दिसून आले. यजमानाच्या खोडाला वेढे घातल्यावर ती तिथे चूषक मुळे रुतवते. त्यांतून नुसते पाणी आणि साखर येत नाही. २०१४ साली जिम वेस्टवूड यांच्या गटाने दाखवले, की हजारो जनुकांचे निरोप्या आरएनए या जोडणीतून दोन्ही दिशांना ये-जा करतात.

या वाहतुकीतला धारदार भाग २०१८ साली मायकेल ॲक्स्टेल यांच्या पेन स्टेट विद्यापीठातील गटाने उजेडात आणला. अमरवेल चूषक मुळांपाशी मायक्रोआरएनएचे तुकडे तयार करते. त्यांतले बरेचसे नेमके बावीस अक्षरांचे. हे तुकडे यजमानाच्या पेशीत जातात, जुळणारा निरोप्या आरएनए शोधतात आणि तो तोडायला लावतात. तोडले जाणारे निरोप निवडक आहेत. एका जनुकाचे काम जखम झालेल्या रसवाहिनीला बूच बसवण्याचे. ते बंद पडले, की साखरेचा रस वाहता राहतो. दुसरी काही जनुके ऑक्सिन हे संप्रेरक ओळखणारी, तर एक रोगप्रतिकाराशी निगडित. यांतली दोन जनुके आधीच निकामी असलेल्या रोपांवर अमरवेल अधिक जोमाने वाढली, यावरून या हल्ल्याचे मोल कळते.

अमरवेल शेकडो जातींवर जगते. प्रत्येक यजमानाचे जनुक थोडे निराळे असताना एकच तुकडा सगळीकडे कसा चालेल? २०१९ साली याच गटाने त्याची उकल केली. प्रथिन बनवताना जनुकातली तीन-तीन अक्षरे मिळून एक अमिनो आम्ल ठरते आणि तिसरे अक्षर बदलले तरी पुष्कळदा अमिनो आम्ल तेच राहते. त्यामुळे महत्त्वाच्या प्रथिनाच्या जनुकात जातीजातींमधला फरक मुख्यतः तिसऱ्या अक्षरापाशी साचतो. अमरवेलीजवळ एकाच मायक्रोआरएनएच्या अनेक आवृत्त्या असतात आणि त्यांच्यातला फरकही नेमका त्याच जागांवर असतो. यजमानाने पहिली दोन अक्षरे बदलली, तर त्याचे प्रथिन बिघडते. तिसरे बदलले, तर अमरवेलीकडे त्याला जुळणारी आवृत्ती तयार असते. यजमानाला सुटायला जागाच फार थोडी ठेवलेली आहे.

सगळे आयते मिळू लागले, की स्वतःची जनुके टिकवण्याची निकड उरत नाही. कस्कुटा ऑस्ट्रॅलिस या अमरवेलीचा जीनोम २०१८ साली वाचला गेला, तेव्हा मुळे, पाने आणि प्रकाशसंश्लेषण यांच्याशी संबंधित कितीतरी जनुके नाहीशी झालेली दिसली. फुलण्याचा इशारा देणारे एफटी हे जनुकही तिच्यात निकामी आहे. चीनमधील संशोधकांनी २०२० साली दाखवले, की यजमानाचे एफटी प्रथिन अमरवेलीत शिरते आणि यजमान फुलू लागला, की तीही फुलते. यजमानाचे आयुष्य संपण्याआधी बी धरायचे, तर याहून भरवशाचे दुसरे पंचांग तिला कोणते मिळणार?

काही जनुके हरवली, तशी काही बाहेरून आलीही. इतक्या जवळच्या संबंधात यजमानाचा डीएनए कधी तरी परजीवी वनस्पतीच्या जीनोममध्ये जाऊन बसतो. अमरवेलीत अशी १०८ जनुके २०१९ साली नोंदवली गेली आणि त्यांतली बरीच चूषक मुळांत काम करतात. यजमानाकडून आलेले जनुक त्याच्याच देहात शिरण्याच्या कामी लागावे, ही गोष्ट स्वतंत्रपणे जगणाऱ्या वनस्पतींत शोधून सापडायची नाही.

यजमानाची बाजू

पिकेही हात बांधून बसलेली नाहीत. अमरवेलीच्या कस्कुटा रिफ्लेक्सा या आपल्याकडच्या जातीपुढे टोमॅटो टिकतो. तिची चूषक मुळे टेकताच तिथल्या पेशी मरतात, जागा बुचासारखी कठीण होते आणि आत शिरकाव होत नाही. टोमॅटोचा एक रानटी नातेवाईक मात्र तिला बळी पडतो. या दोघांच्या संकरातून निघालेल्या वाणांची तुलना करून जर्मनीतील संशोधकांनी २०१६ साली अमरवेलीची चाहूल घेणारे क्युअर-१ हे ग्राही शोधले. ते ज्यांच्यात नाही अशा वनस्पतींत घातल्यावर त्यांचाही प्रतिकार वाढला.

टारफुल्याच्या बाबतीत सर्वांत परिणामकारक काम गेबिसा एजेटा यांचे. इथिओपियात जन्मलेले आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात काम करणारे हे ज्वारी पैदासकार. टारफुल्याला दाद न देणारे वाण त्यांनी तयार केले, ते आफ्रिकेतील शेतकऱ्यांपर्यंत पोचवले आणि २००९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या वाणांमागचे जनुक त्यांच्या गटाने २०१७ साली नेमके दाखवले. त्याचे नाव एलजीएस-१. ते चालू असते, तेव्हा मुळांतून ५-डीऑक्सीस्ट्रायगॉल पाझरते आणि टारफुल्याचे बी धडाक्याने उगवते. ते निकामी झाले, की त्याच्या जागी ओरोबँकॉल पाझरते. दोन रेणूंत फरक लहानसाच. एका जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी अधिक आणि कड्यांची जोडणी उलट बाजूला वळलेली. टारफुल्याला ही बदललेली हाक नीट कळत नाही. पीक मात्र स्ट्रायगोलॅक्टोन बनवतच असते, त्यामुळे बुरशीशी असलेले त्याचे नाते तुटत नाही. निकामी एलजीएस-१ असलेली ज्वारी आफ्रिकेत टारफुला जास्त असलेल्या प्रदेशांत अधिक आढळते. म्हणजे शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बियाणे निवडताना हे जनुक नकळत निवडले होते.

आपल्या मातीतूनही या लढ्याला एक मोलाचा वाण मिळाला आहे, एन-१३. तो दुरा वंशाचा, म्हणजे आपल्या मालदांडीच्या वंशातला भारतीय वाण. त्याचा प्रतिकार वेगळ्या जातीचा आहे. त्याच्या मुळांशेजारी टारफुला उगवतो, चिकटतोही. पण मुळाच्या आतल्या पेशींच्या भित्तिका जाड होतात आणि चूषक मुळाला पुढे जाता येत नाही. हा गुण एका जनुकावर उभा नसून जीनोमच्या अनेक भागांत विखुरलेला आहे. इतर वाणांत तो आणणे कष्टाचे असते. टारफुल्याला तो भेदणेही तितकेच जड जाते.

एकाच जनुकावर सगळी भिस्त ठेवली, तर काय होते ते पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीवरून कळते. तिथे स्ट्रायगा गेस्नेरिऑइडिस ही जात चवळीवर जगते. बी-३०१ या वाणात तिला ओळखणारे एक प्रतिकार जनुक आहे. जोडणी होताच आजूबाजूच्या पेशी स्वतःला मारून टाकतात आणि परजीवी उपाशी मरते. पण बेनिनमधल्या एका टारफुल्याच्या वंशाकडे असे प्रथिन आहे, की ते हा प्रतिकारच दडपून टाकते. तिथे बी-३०१ हतबल ठरतो. अकरा ग्राही प्रती आणि लाखो बियांचा जमिनीतला साठा बाळगणाऱ्या तणासमोर बदललेली हाकसुद्धा एकटी कायमची पुरेल, असे मानता येणार नाही. साठ्यातल्या एखाद्या बीला ओरोबँकॉल ऐकू आले, तरी त्याच्याच संततीने रान भरून जाईल.

उपायांची सांगड

म्हणून प्रतिकार थरांचा हवा. हाक बदललेली, मुळाची भित्तिका जाड आणि आत शिरलेल्याला ओळखणारे ग्राही, असे तिन्ही गुण एका वाणात आले, तर टारफुल्याला एकाच वेळी तीन निरनिराळे बदल करावे लागतील आणि ते त्याला फार अवघड जाईल. जनुकांच्या खुणा पाहून रोपे निवडण्याच्या आजच्या पद्धतीने अशी सांगड घालणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मक्यातही हाकेचे मिश्रण बदलून टारफुला कमी करता येतो, हे २०२३ साली सिद्ध झाले आहे.

टारफुल्याचे तेच कान त्याच्यावर उलटवताही येतात. रान रिकामे असताना हाक घातली, तर बी उगवते आणि यजमान न मिळाल्याने मरते. अमेरिकेच्या कॅरोलिना राज्यांत १९५६ साली टारफुला सापडला, तेव्हा जमिनीत इथिलीन वायू सोडून हेच केले गेले आणि तिथला बहुतेक प्रदेश त्याच्यापासून मुक्त झाला. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली त्या तिखट कानाच्या सातव्या ग्राहीला अचूक बसणारा रेणू घडवला. अत्यल्प मात्रेतही तो टारफुल्याचे बी जागे करतो. गरीब शेतकऱ्याला परवडेल अशा रूपात तो रानात पोचणे, हे पुढचे काम आहे.

तोवर जुने उपायही नव्या समजुतीने करण्यासारखे आहेत. ज्वारीनंतर कापूस घ्यावा, कारण त्याने जमिनीतला बियांचा साठा घटतो. स्फुरदाची कमतरता भरून काढावी, कारण पोट भरलेले पीक कमी हाका मारते. टारफुला फुलावर येण्याआधी उपटावा, कारण एक रोप सुटले, तर पुढची दहा वर्षे त्याचे बी जमिनीत राहते. आणि ज्वारीचे गावरान वाण जपावेत. टारफुला त्याच्या पूर्वजांकडून आलेल्या जनुकांच्या बळावर लढतो. जोंधळ्याचे बळही तशाच जुन्या जनुकांत आहे. एन-१३ कोणाच्या तरी बियाण्याच्या कणगीत टिकून राहिला, म्हणून तो आज संशोधकांच्या हाती आहे. असे आणखी किती वाण आपल्या कोरडवाहू गावांत असतील, त्यांची मुळे तपासून पाहण्याचे काम आपल्याच विद्यापीठांनी आणि शेतकऱ्यांनी हाती घ्यायला हवे, कारण एकदा हरवलेला वाण कुठल्याही प्रयोगशाळेत परत घडवता येत नाही.